तिथी की तारीख

साऊताई बाजारात खेकडे घ्यायला आल्या की विकणारी बाई कपाळाला हात लावते. आमच्याकडे खेकड्यांच्या नांग्या बांधून विकतात, आणि बांधायची दोरी चांगली अंगठ्याएवढी जाड, पाण्यात भिजवलेली असते. किलोभर खेकडे घेतले तर त्यात पाव किलो दोरी. आमच्या का माऊ प्रांतातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, प्रत्येक जण कुरकुरतो आणि घेतो. साऊताई दोऱ्या सोडायला लावतात. सहा-सात खेकडे फरशीवर मोकळे सुटतात, गिऱ्हाइकं पाय उचलून पळतात, शिव्या देतात, आणि ह्या बाई शांतपणे दोऱ्यांचं वेगळं वजन करून घेतात. मग घरून आणलेल्या सुतळीने खेकडे पुन्हा बांधतात. त्यांना विचारलं, "ताई, कशाला एवढा उपद्व्याप?" तर म्हणतात, "मी खेकडे घ्यायला आले होते, दोरी घ्यायला नाही."

मी त्यांची शेजारीण, ताम. साऊ म्हणजे सहा आणि ताम म्हणजे आठ. आमच्याकडे पोरांना जन्माच्या क्रमाने हाक मारतात, पण थोरल्याला 'दोन' म्हणून सुरुवात करतात, त्यामुळे साऊताई खरं तर पाचव्या आणि मी सातवी. मोजण्यात घोळ करायची आम्हाला सवयच आहे म्हणा ना. माझी इंजिनाची बोट आहे. कालव्यावरच्या कोणालाही गावात जायचं असलं की ते मला हाक मारतात. इंजिनाच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे कालव्यावरची सगळी गुपितं मी ओरडून सांगितलेली ऐकली आहेत. साऊताईंची मात्र फारशी नाहीत. त्या काठावर उतरेपर्यंत तोंड उघडत नाहीत.

त्या पहिल्यापासून अशा नव्हत्या. लग्नानंतर अकरा वर्षं त्यांनी नवऱ्याचा शब्द न् शब्द खरा मानला. तो महिन्यातून दोन-तीनदा वरच्या नदीला जाळी लावायला जायचा. "उधाण आहे," म्हणायचा आणि बोट सोडायचा. उधाण अमावस्येला आणि पौर्णिमेला येतं, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या घरोघरी भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं. पानावर मोठा आकडा तारखेचा, खाली कोपऱ्यात बारीक आकडा तिथीचा, अमावस्येपासून एक ते तीस असा मोजलेला. एका सकाळी पान फाडताना साऊताईंची नजर त्या बारीक आकड्यावर गेली. आठवी तिथी. पाणी भांगाचं, म्हणजे उधाण नसलेलं, ओढ्यात चिखल उघडा पडलेला, आणि नवरा उधाण आहे म्हणून निघालेला. त्यांनी ते पान फेकलं नाही. तीन महिने पानं जपून ठेवली, मागे पेन्सिलीने खुणा केल्या, मग एक दिवस वरच्या नदीला जाऊन नवऱ्याची दुसरी बायको आणि दोन मुलं बघून आल्या.

त्यांनी नवऱ्याला घराबाहेर काढलं नाही. तो मरेपर्यंत त्याला दोन वेळ वाढलं. विश्वास मात्र उठला, आणि एकदा उठला तो सगळ्यांवरूनच. डॉक्टर, दुकानदार, सरकारी माणूस, हवामानाचा अंदाज, मी. विश्वास ठेवला तो फक्त तिथीवर. पेरा तिथीने, कोळंबीच्या तळ्याचं दार तिथीने उघडायचं, मेलेल्याचं जेवण तिथीने, लग्न तिथीने. तारीख म्हणजे सरकारी कागदावर लिहायची गोष्ट, तिचा आभाळातल्या कशाशी संबंध नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या घरात मोठा आकडा कोणी वाचत नसे.

त्यांचा एकुलता एक लुआन. त्याची बायको थोम. थोम म्हणजे सुगंध, पण आमच्या भागात अननसालाही थोमच म्हणतात, त्यामुळे साऊताई खुशीत असल्या की सुनेला "अननसा" म्हणून हाक मारायच्या. पोरीला आई नव्हती, ती सातव्या वर्षीच गेली. बापाने दुसरं घर केलं. लग्नाआधीपासून ती गावातल्या कोळंबी गोठवायच्या फॅक्टरीत सोलायला जायची, आणि लग्नानंतरही जात राहिली. सासूला पहिल्या दिवसापासून "आई" म्हणाली, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. दिवसभर गार पाण्यात हात घालून आलेली पोर घरी येऊन साऊताईंचे पाय चेपायची. साऊताईंनाही ती आवडायची, म्हणजे त्यांच्या पद्धतीने. तिने केलेल्या माशाच्या सारात बोट बुडवून आधी चाटून बघायच्या, मग म्हणायच्या, "जमलंय बरं का."

ज्या वर्षाची गोष्ट सांगते त्या वर्षी आमच्या पंचांगात दुसरा महिना अधिक आला होता. दोन दुसरे महिने, एकामागून एक. लुआनला मलेशियात लाकडाच्या कारखान्यात तीन वर्षांचं काम मिळालं, आणि त्याला जायचं होतं नेमकं अधिक महिन्यात. साऊताईंनी आकाशपाताळ एक केलं. अधिक महिन्यात कोणी घर सोडतं का म्हणाल्या. नेणाऱ्या एजंटाला काय त्याचं. अधिक दुसऱ्या महिन्याच्या एकविसाव्या तिथीला मीच लुआनला बोटीने गावात सोडलं. थोम धक्क्यावर उभी राहिली आणि बोट वळेपर्यंत तिने हात खाली केला नाही.

पुढे दोन महिन्यांनी कळलं की पोरीला दिवस गेलेत. मी मुद्दाम सांगते, साऊताईंनी तेव्हा जराही संशय घेतला नाही. त्या कधी नव्हे त्या माझ्या घरी येऊन चहा प्यायल्या, आणि न हुंगता प्यायल्या. सुनेला रोज शहाळं पाजलं, नातवंड गोरं व्हावं म्हणून. दिवस भरायचा हिशोबही त्यांनी स्वतःच केला. आमच्याकडे नऊ महिने दहा दिवस म्हणतात. मोजायला सुरुवात कुठून केली, तर लुआन गेला त्या दिवसापासून. मी म्हटलं, "ताई, पोरगं लग्न झाल्यापासून घरात होतं की, निघाला त्या दिवसापासूनच का धरता?" तर म्हणाल्या, "जे नक्की ठाऊक आहे तिथून धरते."

म्हणून गावच्या आरोग्य केंद्राने थोमला "दिवस उलटलेत, तालुक्याला जा" म्हणून चिठ्ठी दिली तेव्हा साऊताईंच्या कपाळावर आठी चढली. त्यांच्या मोजणीने अजून दहा दिवस बाकी होते. "ह्यांना माणसं कमी पडली असतील," बोटीत चढताना त्या म्हणाल्या. सकाळचे सहा वाजले होते. थोम मधल्या फळीवर बसली होती, दोन्ही हात पोटाखाली धरून. पाय एवढे सुजले होते की चपला हातात घेतल्या होत्या.

तालुक्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर ख्वे म्हणून होत्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी थोमला तपासलं, यंत्रावर पाहिलं, ठोके ऐकले आणि साऊताईंना बोलावलं.

"मावशी, बेचाळीस आठवडे पूर्ण झालेत. पिशवीचं तोंड जेमतेम बोटभर उघडलंय, कळा नाहीत, आणि आतलं पाणी कमी झालंय. आता थांबायचं नाही. कळा आणायची सलाईन लावू."

"कळा येतात," साऊताई म्हणाल्या. "आणत नाहीत."

"यायच्या तेव्हा आल्या नाहीत ना पण."

"फळ पिकलं की आपलं आपण पडतं. तुम्हाला कसली घाई? आज तुमच्या वर्षाचा शेवटचा दिवस. किती सुटका केल्या त्याचा आकडा भरायचा असेल."

डॉक्टरीणबाई हसल्या. "आकडा भरायचा असता तर मी आज सुट्टीच घेतली असती, मावशी."

"वही दाखवा," साऊताई म्हणाल्या.

गरोदरपणाची वही थोमच्या उशाशी होती. आरोग्य केंद्रात पहिल्या खेपेला गेली तेव्हाची. साऊताई तेव्हा बरोबर नव्हत्या, तळ्याचं दार उघडायची तिथी होती. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं. शेवटची पाळी कधी आली, त्यापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, बारा तीन. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. खेकड्यांच्या दोऱ्यांचं वजन जास्त भरलं की त्यांचा चेहरा असाच होतो.

"हे बघा. तिसऱ्या महिन्याची बारा. ही तिथी आहे बाई. तुम्ही तारीख धरलीत."

खोलीत सहा खाटा होत्या. सगळ्या खाटांवरच्या बायका, त्यांच्या आया, सासवा, सगळ्यांच्या माना वळल्या.

"यंदा अधिक महिना आला," साऊताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढत गेला. "तिथी आणि तारखेत सात आठवड्यांचं अंतर पडलंय. पुरे सात. दिवस उलटलेले नाहीत, भरलेलेही नाहीत. आठव्या महिन्यातलं पोर ओढून काढायला निघालात तुम्ही."

डॉक्टर ख्वे यांचं हसू गेलं. असं होतं आमच्याकडे. बायका तिथी सांगतात, लिहिणारी तारीख समजून लिहिते, दोन्हींत महिने आकड्यांचेच. त्यांनी खिशातून छोटं कॅलेंडर काढलं आणि थोमकडे वळल्या. "तू काय सांगितलं होतंस? तिथी की तारीख?"

मी साऊताईंच्या शेजारीच उभी होते. थोमने उत्तर द्यायच्या आधीच त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकताना मला दिसला. आधी भरभर सरकला, मग हळू, मग थांबला. लुआन गेला अधिक दुसऱ्या महिन्याच्या एकवीसला. तिसऱ्याची बारा त्यानंतर वीस दिवसांनी येते. त्या दिवशी पाळी आली असेल तर दिवस गेले त्याच्याही नंतर, आणि तोवर लुआन मलेशियात फळ्या कापत होता. म्हणजे साऊताईंचं खरं असलं तर पोर आठव्या महिन्यातलं होतं, आणि लुआनचं नव्हतं. हॉस्पिटलचं खरं असलं तर पोर लुआनचं होतं, दोन आठवडे उशिरा होतं, आणि आतलं पाणी आटत चाललं होतं.

बोलून बसल्या होत्या त्या. सहा खाटांसमोर, चढ्या आवाजात. बाजूच्या खाटेवरची म्हातारी संत्रं सोलायचं थांबली होती.

"तारीख आहे ती, आई," थोम म्हणाली.

"आपल्या घरात तारीख कोण सांगतं?"

"घरात नाही. फॅक्टरीत. पाळीच्या दिवसांत आम्हाला अर्धा तास जास्तीची सुट्टी असते ना, ती वहीत लिहितात. तारखेने लिहितात. मला तीच लक्षात राहते."

"असं," साऊताई म्हणाल्या.

हे "असं" मी पुष्कळदा ऐकलं आहे. कोळंबीचा व्यापारी काटा कालच तपासून आणलाय म्हणतो, तेव्हा त्या हेच म्हणतात. थोमनेही ते ऐकलेलं होतं. तिने सासूकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, सासूने काय मोजलं ते. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानापर्यंत लाल झाला.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पोटावर हात ठेवून पाहिलं, पुन्हा यंत्र लावलं. "मावशी, आठव्या महिन्यातलं असतं तर मी सलाईनला हातसुद्धा लावला नसता. पण हे सव्वातीन किलोच्या आसपास भरतंय. माझे हात सांगतात ते पूर्ण आहे."

"हात तुमचेच, यंत्रही तुमचंच," साऊताई म्हणाल्या.

"पाणी कमी आहे हे तर खरं आहे ना. मी उद्यापर्यंत थांबणार नाही. घरच्या मोठ्या माणसाची सही घेतो आम्ही, कागद आणते."

साऊताईंनी मला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं. बाहेर बाकावर कोणाचा तरी नवरा कॉफी पीत बसला होता. त्याच्यापासून लांब, पायऱ्यांपाशी जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "ताम, फॅक्टरी किती लांब आहे?"

"कशाला?"

"वहीत बघून ये. तुझी बोट जाऊन यायला किती वेळ लागेल?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा असा संताप आला. "चार तास लागतील," मी म्हटलं. "आणि मी जाणार नाही."

"ती खरं बोलत असेल तर ठीकच आहे. पण खोटं बोलत असली तर? लाज झाकायला ती कच्चं पोर काढून घेईल. ते मेलं तर म्हणतील उशीर झाला म्हणून मेलं."

"आणि खरं बोलत असली तर ते पोर चार तास आत तडफडेल. तुमचं नातवंड."

"तेच तर मला बघायचंय."

"साऊताई, ही पोर तीन वर्षं तुमच्या घरात आहे. कधी एक शब्द खोटा बोलली?"

"तो अकरा वर्षं होता," त्या म्हणाल्या.

त्या दुष्टपणे बोलत नव्हत्या, घाबरल्या होत्या. हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि तरी त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

आत आलो तर थोमच्या हाताला सुई लागलेली होती. कागदावर तिनेच सही केली होती. "सज्ञान आहे ती," डॉक्टर ख्वे म्हणाल्या. "तिची सही पुरते. तुमची आम्ही रीत म्हणून मागत होतो."

"तुम्हाला त्रास नको म्हटलं, आई," थोम म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

न्यान नावाची नर्स होती, पन्नाशीची, पायात पुरुषी चपला. तिने सलाईनचं चाक फिरवलं, घड्याळ धरून थेंब मोजले आणि गेली. ती गेल्यावर साऊताईंनी स्टूल ओढलं आणि त्याही थेंब मोजू लागल्या. तासाभराने न्यानने येऊन थेंब वाढवले. "आठ होते, बारा का केले?" साऊताईंनी विचारलं. "वाढवतच न्यायचे असतात मावशी, कळा धरेपर्यंत." "किती वाढवणार?" "लागतील तेवढे." साऊताईंना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. त्यांनी पिशवीवर छापलेलं औषधाचं नाव वाचायचा प्रयत्न केला, मग खिडकीच्या उजेडात धरून पाणी स्वच्छ आहे का बघितलं.

माझी चार बाळंतपणं झाली, चारही घरी, आपली आपण. कळ यायची, जायची, मध्ये माणसाला श्वास घ्यायला, कोणाला तरी दोन शिव्या द्यायला वेळ मिळायचा. ह्या आणलेल्या कळांचं तसं नव्हतं. दहा वाजता पोट नुसतं आवळल्यासारखं झालं. बारा वाजता पेज दिली ती उलटून पडली. त्यानंतर कळ अशी आली की आधीची पुरती उतरलीच नव्हती. थोमने खाटेची लोखंडी दांडी धरली, बोटं पांढरी झाली. न्यान दर अर्ध्या तासाला पोटावर नळी ठेवून ठोके ऐकायची, बोटं घालून बघायची आणि सांगायची, दोन बोटं, अजून दोनच. मग एकदा ठोके मंदावले. न्यानने चाक बंद केलं, थोमला डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टरीणबाईंना हाक मारली. दहा मिनिटं न्यानने पोटावरची नळी उचलली नाही. ठोके परत आले तेव्हा मी श्वास सोडला, आणि साऊताईंनीही. चाक पुन्हा सुरू झालं.

साऊताई तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होत्या. पाठ चोळत होत्या. हे सगळं मनापासून चाललं होतं, ते मी शपथेवर सांगेन. पण कान वेगळीकडे होते. त्यांनीच नंतर मला कबूल केलं. बाई कळांत खोटं बोलू शकत नाही, अशी त्यांची समजूत. ज्याचं पोर त्याचं नाव तोंडातून निघतं म्हणे. त्या नावाची वाट बघत होत्या.

दोनच्या सुमारास जी कळ आली तिच्यात पोरगी अर्धी उठून बसली आणि ओरडली, "आई गं, आई."

साऊताईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. "आहे, मी इथेच आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, सुटलं. मी खाली पडलेलं फडकं उचललं.

कळ जराशी उतरली. थोमने डोकं तिथेच ठेवलं होतं. आणि साऊताईंनी, देवा रे, साऊताईंनी तिच्या केसांवरून हात फिरवत फिरवत विचारलं, "लुआनला का नाही गं हाक मारलीस?"

मला तिचा चेहरा दिसत होता. मग तिने डोकं काढून घेतलं, उशीवर ठेवलं आणि भिंतीकडे वळली. त्यानंतर ती ओरडली नाही. पुढचे तीन तास उशीचा कोपरा दातांत धरून तिने सगळ्या कळा सोसल्या, आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आईचा नाही, नवऱ्याचा नाही, कोणाचाच नाही. न्यान म्हणाली, "ओरड गं, बरं वाटेल." तिने मान हलवली.

पाचला तिला आतल्या खोलीत नेलं. साडेपाचला मुलगी झाली. पहिला आवाज ऐकेपर्यंत साऊताई दाराच्या फळीला हात टेकून उभ्या होत्या. आवाज आला, चांगला खणखणीत, तेव्हा कुठे त्यांनी हात काढला.

थोमला बाहेर आणून खाटेवर निजवलं, आणि न्यानने दुपट्यात गुंडाळलेलं पोर साऊताईंच्या हातात दिलं. "सव्वातीन किलो," ती म्हणाली. मग जरा मिश्किलपणे, कारण तिनेही सकाळची बोलणी ऐकली होती, "आठव्या महिन्यातलं म्हणत होतात ना मावशी? लवकर आलेलं पोर लोण्यात बुडवल्यासारखं असतं, अंगावर बारीक लव असते. हे बघा, कातडी कशी सुकून सोलतेय, दिवसभर धुणं धुतल्यासारखी. आणि नखं बघा हिची. बोटांच्या पुढे आलीत. गालावर ओरखडाही काढून घेतलाय आतल्या आत. हे उशिराचं पोर. मला कागद बघायची गरज नाही."

तिने दुपट्यातून बाळाचा हात बाहेर काढला. खिडकीतून उजेड येत होता. साऊताईंनी हात बघितला नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट उलटीपालटी करून बघणाऱ्या बाईने मान दुसरीकडे वळवली आणि तो हात चाचपून दुपट्यात सारला. "बघायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "झाका. वारा लागेल." त्यांना ते किती जड गेलं असेल ते मला दिसलं. त्यांच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं, आणि ते त्या देत होत्या.

"नाही, आई," थोम म्हणाली.

तीन तासांनंतरचा तिचा पहिला शब्द. आवाज फाटला होता, पण स्पष्ट होता.

"बघा. दहाही बघा. माझ्यासमोर बघा."

"असू दे गं पोरी."

"असू देऊ नका. आत्ताच बघून घ्या. पुन्हा कधी मनात आलं तर मी तिचा हात काढून दाखवणार नाही."

साऊताईंनी बघितलं. दुपटं सोडलं, एक एक बोट उजेडात धरलं, दोन्ही हातांची दहा बोटं बघितली. पोर झोपलेलं होतं. मग त्यांनी दुपटं पुन्हा गुंडाळलं, जरा जास्तच घट्ट गुंडाळलं, आणि म्हणाल्या, "चुकले मी. फार चुकले." हे शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकले नव्हते.

"हं," थोम म्हणाली. "पाणी द्या जरा."

पुढचा महिनाभर साऊताईंनी तिचं जे केलं ते कोणत्या आईने केलं नसेल. खाटेखाली निखारे ठेवले, रोज मिरपूड घालून डुकराचं मटण शिजवलं, पोरीला थंड पाण्यात बोट घालू दिलं नाही. लुआनचा फोन आला की थोम हसून बोलायची. त्या दिवसाबद्दल तिने त्याला एक अक्षर सांगितलं नाही, आणि माझ्याकडेही कधी विषय काढला नाही. भांडण नाही, टोमणा नाही. सासू-सुनेचं बघावं तर त्या घरात, असं कालव्यावरच्या बायका म्हणतात. मीही तसंच म्हणत होते.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा वाढदिवसाचं सामान आणायला साऊताई माझ्या बोटीतून गावात निघाल्या. अर्ध्या वाटेत त्यांनी मला खूण करून इंजिन बंद करायला सांगितलं. बोट नुसती पाण्यावर राहिली.

"ताम, तुझ्या लक्षात आलंय का? ती मला आई म्हणत नाही."

मी विचार केला. खरंच, हल्ली ती "आजी" म्हणायची. आजी, जेवायला चला. आजी, चष्मा कुठे ठेवलात?

"अहो, मूल झालं की सगळ्याच सुना आजी म्हणायला लागतात," मी म्हटलं. "मुलाच्या तोंडचं बोलतात. माझी सूनही तेच म्हणते."

"हो ना."

"मग?"

"शेवटचं आई कधी म्हणाली ते मला ठाऊक आहे. नखं बघा म्हणाली तेव्हा." त्या पाण्याकडे बघत होत्या. "सगळ्याच सुना म्हणतात. म्हणून तर मला काही विचारता येत नाही, ताम. संशय घ्यायलासुद्धा तिने जागा ठेवली नाही."